डोक्यात काय चाललंय ते बोल!

गणिताच्या मास्तराकडे किस्से कसे साठतात, हे मला अजून कळलेलं नाही. इतिहासाच्या मास्तराकडे लढाया असतात, भूगोलाच्या मास्तराकडे ज्वालामुखी. आमच्याकडे नुसते लसावि आणि मसावि! तरी जुने सोबती भेटले की विषय सिहोऱ्याच्या शाळेवर येतो आणि कपातला चहा थंड होतो.

सत्तरच्या दशकात मी तिथं सातवीला गणित शिकवायचो. एका उन्हाळी शिबिरात आम्हाला सांगितलं होतं, "पोरांना उत्तर विचारू नका. डोक्यात काय चाललंय ते मोठ्यानं बोलायला लावा. विचार बाहेर आला की चूक सापडते." मला एकदम पटलं. चूक माझीसुद्धा सापडेल, हे शिबिरात कुणी बोललं नव्हतं!

*

पहिला बोलला शालिक. वर्गातला सगळ्यात गरीब पोरगा, मान वर करून बघायचा नाही. बावन्नातून नऊ वजा करायचे होते.

"दोनातून नऊ जात नाही जी. मंग शेजारच्या पाचाले एक उसना मांगतला. त्यानं देला. बारातून नऊ गेले, तीन रायले. पाचाचे झाले चार. त्रेचाळीस."

"शाब्बास!"

"पण गुरुजी, तो उसना परत कवा कराचा?"

"परत नसतो करायचा."

"काहून?"

आता काहून! दहा वर्षं मी उसने घेत होतो, मला कधी हा प्रश्न पडला नव्हता. मी म्हणालो, "गणितात तशी पद्धत आहे."

शालिक खाली बसता बसता पुटपुटला, "मांगून घ्याचं अन् परत नाही कराचं, याले आमची आजी वेगळंच नाव ठेवते!"

*

दिलीपचे वडील चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत होते. पोरगा शिकायला सिहोऱ्यात मामाकडे राहायचा. त्याला विचारलं, "वजा तीन आणि वजा पाच, यात मोठं कोण?"

"वजा पाच."

"कसं काय? बोल मोठ्यानं."

"वजा तीन म्हंजे जमिनीच्या खाली. वजा पाच म्हंजे अजून खाली. माहे बाबा जेवढे खाली जाते तेवढं मोठं काम रायते."

"अरे, पण जे वर असतं ते मोठं!"

दिलीपला माझी कीव आली असावी. "वर कोन रायते गुरुजी? वर तं कारकून रायते!"

*

आमचे हेडमास्तर नागपूरचे, शिस्तीचे. माझ्या वर्गाचा गलका ऐकून ते एकदा तडक आत आले. "गणित हा मुक्यानं करायचा विषय आहे!" असं म्हणून त्यांनी स्वतः पुस्तकातलं एक उदाहरण फळ्यावर लिहिलं. पोरं माना खाली घालून बसली. थोड्या वेळानं पाट्या वर झाल्या, तर सगळ्यांचं उत्तर एकच!

"पाहिलंत? एकमत!"

आता यांना सांगावं तरी कसं? पुस्तकाच्या शेवटच्या पानावर या उदाहरणाचं उत्तर चुकीचं छापलं होतं आणि पोरांनी नेमकं तेच उतरवलं होतं. मी हळूच पान दाखवलं. हेडमास्तरांनी फळ्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं.

"पण इतक्या जणांचं चुकेल कसं?"

*

कुसुम ही धानाची शेती करणाऱ्या सदारामभाऊंची मुलगी. पोरगी चलाख, पण काहीही मोजलं की उत्तर एकानं कमी! तिचे वडील मला बजावून गेले होते, "सहामाहीत गणितात नापास झाली तं नाव काढून नेतो. घरी कामाले मानूस नाही." मला तिची फार काळजी लागली.

शेवटी तिला म्हटलं, "माझ्यासमोर मोज, मोठ्यानं." समोर खडूचे तुकडे ठेवले. तिनं पहिला उचलला. "लाभ!" दुसरा उचलला. "एक! दोन! तीन!"

आमच्याकडे धान मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मी म्हणालो, "अगं, लाभ म्हणजेच एक! पुढे दोन म्हणायचं."

"लाभ तं देवाचा जी. देवाले कसं मोजाचं?"

पुष्कळ समजावलं. परीक्षेत लाभ नसतो, हेही सांगितलं. तिनं मान डोलावली.

"लाभाबिगर सुरू केलं तं बरकत कशी येईन?"

*

सहामाहीला तोंड बंद ठेवायचं असतं. मोठ्यानं बोलून विचार करायची सवय लागलेल्या कुसुमनं ते बंद ठेवलं आणि ती नापास झाली. दोष माझाच वाटला मला. दुसऱ्या दिवशी सदारामभाऊ दाखला न्यायला हजर! कुसुम दाराशी उभी, डोळे भरलेले.

मी म्हणालो, "दाखला देतो भाऊ, पण एकदा तिला बोलताना तर ऐका." आणि फळ्यावर उदाहरण लिहिलं. चार भागिले अर्धा.

कुसुमनं डोळे पुसले. "चार भाकरी हायेत. एकाएकाले अर्धी अर्धी देली तं आठ जनाले पुरते. म्हनून उत्तर आठ."

"भागून चाराचे आठ?" सदारामभाऊ उठून उभे राहिले. "भागलं का कमी होते! आमी दोघा भावायनं वावर भागलं तं अर्ध्यावर आलं. वाढलं कुठं?"

"तुमी दोनानं भागलं बाबा. अर्ध्यानं भागा लागत होतं!"

सदारामभाऊ माझ्याकडे वळले. "गुरुजी, पोरगी खरं सांगून राहिली?"

"उत्तर बरोबर आहे," मी म्हणालो. पुढं समजावायला गेलो आणि भाकरी, वावर, भाऊ यांत असा गुंतलो की मलाच कळेना.

ते दाखला न घेताच गेले.

आठवडाभरानं पुन्हा आले. सोबत धाकटा भाऊ. वाटणी झाल्यापासून हे दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. दोघं एकाच बाकावर बसले.

मी दाखल्यांचं पुस्तक पुढं ओढलं. "दाखला न्यायला आलात?"

"नाही जी. पोरीचं नाव राहू द्या, शिकू द्या तिले." सदारामभाऊंनी भावाकडे पाहिलं. भावानं मान हलवली. "आमचं वावर तेवढं एकडाव तिच्या हातून अर्ध्यानं भागून द्या!"