मामांच्या जीपचे मागचे ब्रेक

माझ्या बायकोच्या सख्ख्या मामांनी बाजारातून आणलेली एकही वस्तू आजवर आहे तशी वापरलेली नाही. वस्तू बनवणाऱ्याने ती अर्धवट सोडली आहे आणि उरलेलं काम आपल्यावर टाकलं आहे, अशी त्यांची पक्की समजूत. कुकरची शिट्टी त्यांनी घासून घासून अशी करून ठेवली आहे की ती वाजण्याआधी नुसतीच खाकरते. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या फ्लॅटची बेल दाबली तर आवाज होत नाही, स्वयंपाकघरात एक लाल दिवा लागतो. कोण आलंय हे आपल्याला कळावं, पण आपण घरात आहोत हे त्याला कळू नये, हा त्यामागचा विचार. पहिल्याच आठवड्यात दूधवाला कंटाळून परत गेला आणि मामींनी सलग दोन दिवस कोरा चहा दिला, तेव्हा मामा म्हणाले, "बेलमध्ये दोष नाही. दूधवाल्याला सवय नाही."

भोसरीच्या एका कारखान्यात उमेदीची वर्षं घालवून मामांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि नेमक्या त्याच सुमाराला तिकडे खराडीत काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या. त्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीला टेस्टर हवे होते. काम काय, तर दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका काढायच्या. सदाशिव पेठेत जे काम आजोबा-पणजोबांपासून फुकट चालत आलं होतं, त्याला चक्क पगार मिळू लागला. मामा त्या कंपनीत मुलगा शोभेल अशा साहेबाच्या हाताखाली बसले आणि पहिल्या महिन्यात त्यांनी प्रोग्रॅममधल्या चुकांबरोबर कँटीनच्या पोह्यातल्या, लिफ्टमधल्या सूचनेतल्या आणि साहेबाच्या बोलण्यातल्याही चुका नोंदवल्या. साहेब भला माणूस. त्याने पोहे सुधारले.

या नव्या पगारातून मामांनी एक जुनी जीप घेतली आणि ती लगेच उंच करून घेतली. स्प्रिंगचे पाटे बदलले, त्याखाली ठोकळे घातले, मोठाले टायर चढवले. गाडी वीतभर वर गेली. आपल्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तरी एकाला मागे जावं लागतं, तिथे हा हत्ती कशाला, असं सगळ्यांनी विचारून पाहिलं. मामा खराडीच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांचं कारण सांगत. खरं कारण मामींचे गुडघे होते. पानशेतच्या पलीकडे डोंगरावर एक पठार आहे. लग्न झाल्यापासून दरवर्षी दिवाळी उलटली की ही दोघं पिठलं-भाकरी बांधून तिथे चालत जात. मुलं झाली तरी हा नेम मोडला नाही. मोडला तो गुडघ्यांनी. मामी त्याबद्दल चकार शब्द काढत नसत, पण दिवाळीनंतरच्या रविवारी त्या उगाचच कपाटं आवरायला काढत. पठारापर्यंत एक कच्चा, दगडगोट्यांचा रस्ता जातो आणि त्यावरून फक्त उंच गाडी चढते, हे मामांनी कुठूनतरी शोधून काढलं होतं. हे त्यांनी मामींना सांगितलं नाही. तसं काही सांगायची त्यांच्या घराण्यात पद्धत नाही.

गाडी उंच झाल्यावर पहिली गोष्ट ही झाली की गुडघेदुखीच्या मामींना तीत चढताच येईना. मग एक स्टूल आलं. दुसरी गोष्ट बोपदेव घाटात झाली. उतारावर मामांनी ब्रेक दाबला, गाडीचं नाक रस्त्याकडे झुकलं, मागचा भाग आपला त्या गावचाच नाही असा ढकलत राहिला आणि ती वरात घाटाच्या पायथ्याशी एका सीताफळवाल्याच्या टोपल्यांना टेकून थांबली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. मामी स्टूल मागवून शांतपणे खाली उतरल्या, चेंगरलेली सीताफळं सगळी विकत घेतली आणि बसने घरी आल्या. "अहो, आधी गाडीला थांबायला शिकवा, मग मला बसायला सांगा," एवढंच त्या म्हणाल्या. मामींचं 'एवढंच' हे सुप्रीम कोर्टाच्या वरचं असतं.

तेव्हापासून मामांना मागच्या ब्रेकांचा ध्यास लागला. पुढचे ब्रेक उत्तम, मागचे नावाला. नाना पेठेतल्या मेकॅनिकने लायनर बदलले, ड्रम घासले, सिलिंडर नवे टाकले, पाइपातली हवा काढली. दर वेळी मामा गाडी घेऊन जात आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या भाषेत 'बग अजून ओपन आहे', म्हणजे चूक होती तिथेच आहे, असं सांगत परत येत. शेवटी त्या मेकॅनिकने हात पुसत सांगितलं की साहेब, आता यात बदलायचा फक्त मालक राहिलाय. मामांनी त्याचा राग धरला नाही, पण गाडीच्या मागे स्वतःच्या अक्षरात रंगवून घेतलं: 'मागच्यांनी निश्चिंत असावे. ही गाडी एकदम थांबत नाही.' ही पाटी वाचायला लोक जवळ येत, त्यामुळे धोका वाढला तो वेगळा.

इथे मामांच्या साडूंना आणणं भाग आहे. मामींच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणजे हे साडू. अंगाने भरघोस, मनाने त्याहून. त्यांनी मामांच्या वास्तुशांतीच्या दिवशी पंगतीत सगळ्यांसमोर सांगितलं होतं की स्वयंपाकघराची चौकट जराशी कलली आहे. ती कललेली होती, म्हणूनच मामा त्यांच्याशी पुढे कित्येक वर्षं बोलले नाहीत. तर एका संध्याकाळी हे साडू लोणी काळभोरच्या आपल्या शेतावरून कांद्याच्या गोण्या घेऊन निघाले आणि त्यांचा टेम्पो सोलापूर रस्त्यावर बंद पडला. मामींनी फोन करून मामांना खराडीहून परस्पर तिकडे धाडलं. गोण्या मागे, साडू गोण्यांवर, आणि दोघांत अक्षर नाही, अशी ती मिरवणूक निघाली. हडपसरला अचानक एक म्हैस आडवी आली. मामांनी ब्रेक दाबला आणि जीप जागच्या जागी उभी राहिली. म्हशीनेसुद्धा वळून पाहिलं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या गाडीत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग मामांनी जे केलं ते त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं. त्यांनी साडूंना स्वतः फोन करून रविवारी फिरायला बोलावलं. साडू इस्त्रीचा सदरा घालून आले. इतक्या वर्षांनी मन मोठं केलंत, असं ते पहिल्या चौकात म्हणाले. मामांनी ब्रेक दाबला. आपण दोघंही आता पिकली पानं, असं ते दुसऱ्या चौकात म्हणाले. मामांनी ब्रेक दाबला. साडू आयुष्याबद्दल बोलत राहिले आणि मामा मागचं चाक किती धरतंय ते पाहत राहिले. असे तीन-चार रविवार गेले. साडू येताना चिवडा आणू लागले.

अखेर एका रविवारी सकाळी मी गेलो तर जीप बोळाच्या तोंडाशी उभी, मामा तिच्या खाली आडवे आणि साडू वर मागच्या बाकावर. खालून हुकूम येत होता, "बसा. आता उठा. आता बसा." साडू निमूट उठाबशा काढत होते. मला पाहून ते हळूच म्हणाले की असू दे, जुना राग असाच निघायचा. इतक्यात मामांनी खालून हात काढून टॉर्च मागून घेतला. मग बाहेर आले ते कपाळाला ग्रीस लावून. मागच्या चाकांचा दांडा आणि गाडीचं धड यांच्यामध्ये एक छोटा व्हॉल्व्ह होता, त्याला एक बारीक सळई जोडलेली. मागे वजन पडून धड खाली दबलं की ती सळई हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकांना जोर देतो. धड वर असलं की तो समजतो गाडी रिकामी आहे, आणि जोर कमी करतो. मामांनी धड वीतभर वर उचललं होतं. त्यामुळे व्हॉल्व्हच्या लेखी ती गाडी कायमची रिकामी होती.

मामा जिना चढून वर गेले आणि मामींसमोर उभे राहिले. दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेणारा माणूस म्हणाला, "बग माझाच होता. मीच तिला वर उचलली आणि तिला वाटलं, मागे कोणी नाहीच." मामींनी त्यांच्या कपाळावरचं ग्रीस पदराने पुसलं. साडूंना मात्र या व्हॉल्व्हबद्दल आजतागायत कोणी काही सांगितलेलं नाही. गरज संपली तरी मामांनी त्यांचा रविवार बंद केला नाही, आणि हे लिहिलेलं साडूंच्या वाचनात येऊ नये अशी माझी इच्छा आहे.

उपाय अगदीच किरकोळ निघाला. धड जितकं वर गेलं होतं तितकाच व्हॉल्व्ह एका पट्टीने खाली आणला, सळई पुन्हा जागेवर आली. मामांनी रिकाम्या गाडीने बोपदेव घाट उतरून पाहिला, एकदा नव्हे, सीताफळवाला ओळखीचं हसायला लागेपर्यंत. मग दिवाळी उलटली आणि मामी एका सकाळी न बोलता पिठलं ढवळू लागल्या. मला मागे बसवलं, कारण माझं वजन धरण्यासारखं नाही असं मामांचं मत पडलं. चढताना मामी दाराच्या कडीला दोन्ही हातांनी धरून होत्या. वर पठारावर वारा होता, गवत पिवळं पडलं होतं. मामी गाडीला टेकून कितीतरी वेळ नुसत्या पाहत राहिल्या. मामांनी भाकरी खाता खाता तिथल्या एका दगडाची जागा चुकल्याचं सांगितलं. मामी म्हणाल्या, "नाही हो, तुम्हीच दुसरीकडे बसलाय."

उतार सुरू झाला तेव्हा मी बाकाची कड धरून होतो. दगडावरून गाडी कलायची, मामा ब्रेकवर पाय टेकवायचे आणि ती चारही चाकांवर हलकेच थबकायची. धरणाच्या कडेला डांबरी रस्ता लागला आणि पाहतो तर मामींचे हात मांडीवर सैल पडलेले, मान एका बाजूला. त्या झोपल्या होत्या. मामांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. बक्षीस मिळालेल्या माणसाचा तो चेहरा मी विसरणार नाही.

संध्याकाळी आम्ही शहरात शिरलो. घराची गल्ली आली तशी गाडी तिच्यावरून सरळ पुढे गेली. मी विचारणार तेवढ्यात मामांनी ओठांवर बोट ठेवलं. आता मामी फारशा बाहेर पडत नाहीत आणि गाडीही विकून झाली, पण मला तीच संध्याकाळ आठवते. तिसऱ्यांदा गल्ली मागे टाकताना मामा अगदी हळू म्हणाले, "थांबलो तर ही जागी होईल हो."