केसवर घेतलेला विसार

भागीबाईला निवांत बसलेलं वस्तीवर कुणी पाहिलं नव्हतं. जेवायचीसुद्धा ती उकिडवी, निम्मं लक्ष चुलीकडे आणि निम्मं बागेकडे ठेवून. सायखेड्याच्या अलीकडे, गोदावरीच्या अंगाला त्यांची वस्ती. दोन एकर द्राक्षबाग, एक विहीर, मुलगी मीना, आणि नवरा कोंडाजी. देवाने जोडी जमवताना सगळी घाई हिला दिली आणि सगळा धीर त्याला. तो अनवाणी पायांनी बागेत दारं धरायचा, घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात सोडायचा, आणि ही बांधावरून त्याला हाका मारत सुटायची. "आलो की," म्हणायचा आणि यायचा नाही.

मग वरच्या अंगाला मळीपासून दारू गाळणारा कारखाना आला. त्याचं सांडपाणी ओढ्यात, ओढ्यातून जमिनीत, जमिनीतून विहिरीत. साल त्र्याण्णव संपेपर्यंत विहिरीचं पाणी बिनदुधाच्या चहासारखं दिसायला लागलं आणि वासाने बादली तोंडाजवळ धरवेना. तरी बागेला तेच पाणी, दुसरं आणायचं कुठून? बाग पिवळी पडत गेली. कोंडाजीच्या पायांवर आधी चट्टे उठले, मग भेगा पडल्या, मग जखमा झाल्या.

नाशिकच्या कातडीच्या डॉक्टरांनी पाय नीट पाहिले, विचारपूस केली आणि सांगितलं, हा पाण्याचा प्रताप आहे, महारोग नाही. पण गाव एकदा ठरवून बसलं की डॉक्टरला विचारतं कोण? चुलतभाऊ गेणू, जो रोज सकाळी यांच्याकडे चहा घेतल्याशिवाय शेतात जात नसे, तो आता अंगणातच उभा राहून "आत्ताच घेतला, वहिनी" म्हणायला लागला. मीनाला पाहायला येणारे पाहुणे सायखेड्यापर्यंत यायचे आणि तिथून परत फिरायचे. कुणी दारात आलं की कोंडाजी हळूच धोतर ओढून पाय झाकायचा. ते पाहिलं की भागीबाईच्या जिवाची काहिली व्हायची. कारखान्याचा राग होताच, पण गेणूच्या त्या न घेतलेल्या चहाचा राग त्याहून मोठा होता.

वस्तीवरच्या सगळ्यांनी मिळून नाशिकच्या कोर्टात दावा लावला. इतरांना भरपाई हवी होती, आणि त्यात काही चूक नव्हतं. भागीबाईला मात्र एकच गोष्ट हवी होती. न्यायाधीशासमोर उभं राहून सांगायचं होतं की माझ्या माणसाचे पाय पाण्याने खाल्ले, त्याला कसलाही रोग नाही. कोर्टात सांगितलेलं खरं धरतात, अशी तिची समजूत. भाकऱ्या थापताना ती साक्ष घोकायची, एसटीत घोकायची. तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालून शिपायाचा जीव खायची. "आज माझं बोलणं हाय का?" वस्तीचे वकील देवरे म्हणायचे, "बाई, वेळ येईल. जरा बसा." बसणं तेवढं तिला जमत नव्हतं.

वेळ यायच्या आधी कोंडाजीचा पाय चिघळला. दवाखान्यात ठेवावं लागलं. आणि त्याच आठवड्यात धनराज वस्तीवर आला.

धनराज कुणी परका नव्हता. पूर्वी दरवर्षी त्यांची बाग तोच घ्यायचा. घड भरले की यायचा, मण्यांची गोडी पाहायचा, भाव ठरवायचा, विसाराची आगाऊ रक्कम हातावर ठेवायचा. एकदा विसार घेतला की बाग त्याची. तोडायला मजूर त्याचे, गाडी त्याची. एका वर्षी कोंडाजीने मीनासाठी एक घड खुडला, तर या गृहस्थाने बांधावर उभं राहून तमाशा केला होता. "विसार घेतल्यावर मालाला हात लावायचा नसतो, भाऊ!" कोंडाजीने तेव्हा मुकाट्याने कान पकडले होते. आता बागाच राहिल्या नाहीत म्हटल्यावर धनराजने धंदा बदलला, नाशकात इंदिरानगरला फ्लॅट घेतला आणि अडलेल्यांना पैसे पुरवू लागला. दाव्याची बातमी कानावर येताच तो घरोघर फिरला. बोलणं मात्र जुन्याच सवयीचं होतं.

"केसवर विसार देतो, मावशी. निकाल लागला की भरपाईतून माझा हिस्सा मी घेईन. हरलात तर तुम्ही मला काही देणं लागत नाही."

गेणूने घेतला, सगळ्यांनी घेतला. भागीबाईने नोटा घेतल्या त्या तशाच दवाखान्यात नेऊन भरल्या. पाय वाचला नाही. महिन्याभराने माणूसही वाचला नाही.

अंत्यविधीला माणसं आली, पण तिरडीपासून चार हात लांब उभी राहिली. खांदा द्यायला मीनाच्या मामांनाच दोनदा पुढे व्हावं लागलं. गेणू कुणाला तरी म्हणाला, "त्या रोगाचं असंच असतंय." भागीबाईने ऐकलं. शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. पण ती बोलली नाही, आणि हे मला लिहितानासुद्धा सहन होत नाही, की का बोलली नाही. तिच्या हिशेबी ते बोलणं आता तिचं राहिलं नव्हतं. पायांची सगळी गोष्ट केसमध्ये होती आणि केसवर विसार घेतला होता. विकलेल्या मालाला हात कसा लावायचा?

म्हणून ती कोर्टातही जायची थांबली. एकटीच नव्हे, अख्खी वस्ती थांबली. तारखा आता धनराज बघेल, माणसं त्याची जातील, अशी सगळ्यांची पक्की खात्री. वकिलांचे निरोप यायचे, गेणू ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "धनराजभाऊला कळवा." बाकीच्यांना काही वाटलं नाही. भागीबाईची मात्र दशा झाली. तारखेच्या दिवशी ती पहाटेच आवरून बसायची, फाट्यावर जायची, नाशिकची गाडी आली की पाठ फिरवायची. घरी येऊन सारवलेलं परत सारवायची. मीना म्हणाली, "आये, एकदा जाऊन तरी ये." तर तिच्यावरच खेकसली, "लोकाच्या बागंत शिरू का?"

एका दुपारी धनराज मोटारसायकल उडवत आला. तोंड लालबुंद.

"मावशी, साक्षीला का नाही गेलात? वादी नाही, साक्षीदार नाही, कोर्टानं दावा काढून टाकला! बुडालो ना मी!"

भागीबाईने उलट विचारलं, "म्हंजी? तुमी नाय गेले?"

"मी जाऊन काय सांगू? साक्ष तुमची!"

"आवो, इसार दिला ना तुमी? इसार दिल्यावर मालक बागंत शिरतो का कंदी? तुमीच तर वरडायचे."

धनराजने कपाळाला हात लावला. त्याने पैसे गुंतवले होते, एवढंच. दावा म्हणजे तोडणीला आलेली बाग नव्हे हे त्याला ठाऊक होतं, पण सांगायचं सुचलं नव्हतं. आणि ज्यांनी जन्मभर त्याच्याच तोंडून विसाराचा एकच अर्थ ऐकला, त्यांनी दुसरा कुठून आणावा?

भागीबाई तशीच उठली आणि नाशिकला गेली. देवरे वकील आधी भडकले, मग शांत झाले. महिन्याच्या आत अर्ज दिला तर दावा पुन्हा उभा राहू शकतो म्हणाले. "पण तुम्ही यायला हवं."

"येते. आदी इसार परत करते. सौदा मोडला तर दुप्पट द्यायचा असतो."

"अहो, कायद्यात असं काही नाही. ते पैसे तुम्ही देणंच लागत नाही."

"कायद्यात नसंल. आमच्यात हाय."

वकिलांनी परोपरीने समजावलं. भिंतीला सांगितलं असतं तर भिंतीने ऐकलं असतं. वाळलेल्या बागेचा मांडव अजून उभा होता. कोंडाजीने उभारलेले लोखंडी अँगल, ताणलेल्या तारा. मीनाला घेऊन तिने तो मांडव उकलला. हात सोलले, तारांनी लुगडं फाटलं, पण थांबली नाही. भंगारवाल्याने पैसे मोजले आणि सगळं ट्रॅक्टरवर घातलं. बांधावरून पाहिलं तर शेत एकदम उघडं पडलेलं, आणि ती पहिल्यांदा कोंडाजीसाठी मोठ्याने रडली.

इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये तिने दुप्पट विसार टेबलावर ठेवला. "मावशी, दुप्पट कशाला?" धनराज म्हणाला. व्यापारीच तो, एकदा म्हणाला, पुन्हा म्हणाला, मग पैसे घेतले.

"आता केस माझी ना?"

"तुमचीच हो."

ती पायऱ्या उतरली ती जवळजवळ पळतच.

दावा पुन्हा उभा राहिला आणि नव्याण्णवच्या उन्हाळ्यात तिला पिंजऱ्यात बोलावलं गेलं. भरपाईच्या आशेने वस्तीवरचे सगळे आले होते. गेणू मागच्या बाकावर होता. कारखान्याच्या वकिलाने आवाज चढवून विचारलं, "तुमच्या पतीला महारोग होता, म्हणून गावानं तुमच्याकडचं पाणीसुद्धा सोडलं होतं. खरं की नाही?"

इतकी वर्षं घोकलेलं सगळं त्या क्षणी तिच्या डोक्यातून उडून गेलं. तिने कठडा धरला. मग ती हळू, अगदी कोंडाजीच्या चालीने बोलायला लागली. "पानी सोडलं, ते खरं हाय. रोग नव्हता. आमचे मालक रोज त्या पान्यात उभे ऱ्हायचे. मी बांधावरून हाका मारायची, ते येत नव्हते. बाग जगवायची होती त्यांना. पान्यानं पाय खाल्ले त्यांचे. डाक्टरनी सांगितलं, मी सांगते."

न्यायाधीशांनी टंकलेखकाला सांगायला सुरुवात केली, "माझ्या पतीस महारोग नव्हता. दूषित पाण्यात उभे राहिल्याने त्यांच्या पायांना जखमा झाल्या." यंत्राची टकटक थांबली. त्यांनी वर पाहिलं. "बाई, बरोबर लिहिलं आहे ना?"

भागीबाईने मागे वळून बाकांकडे पाहिलं.

"बराबर हाय, साहेब. पन येकदा मोठ्यानं वाचा. मागं ऐकू गेलं नाय."