वाकडीचं रक्त

एका जिवाणूचा संपूर्ण जनुकक्रम संगणकावर कुणालाही पाहता येतो. लाखो अक्षरांची ती माळ आहे आणि तिच्या माथ्यावर थोडी माहिती दिली आहे: कुठल्या देशातला, कुठल्या शहराजवळचा, कोणाच्या रक्तातून मिळवला. शहराच्या जागी बडोदं आहे. रक्ताच्या जागी ‘म्हैस’ असं आहे. ते खोटं आहे. मी हे शांतपणे लिहायचं ठरवून बसले होते, पण तो एक शब्द आठवला की अजून डोक्यात तिडीक जाते. तो राग फक्त दुसऱ्यांवर असतो असं मात्र नाही, कारण त्या खोट्याची सुरुवात माझ्याच हातून झाली.

तेव्हा मी बडोद्याच्या सयाजीगंजातल्या एका संशोधन संस्थेत साहाय्यक होते. मोबाइल नुकतेच स्वस्त झाले होते, स्टेशनच्या रस्त्यावर दर महिन्याला काचेचं एक नवं दुकान उघडत होतं, आणि आमच्या सरांना परदेशी पैशावर चालणारा एक प्रकल्प मिळाला होता. गुरांमध्ये गाभ पाडणारा एक रोग असतो, ब्रुसेला नावाच्या जिवाणूमुळे होणारा. तो धारा काढणाऱ्या, अडलेलं पारडू हाताने ओढून काढणाऱ्या माणसांनाही लागतो. मग ताप येत-जात राहतो, सांधे धरतात, अंथरूण घामाने भिजतं, आणि बाई गरोदर असली तर मूलही जाऊ शकतं. लोक मलेरिया समजून, टायफॉइड समजून औषधं घेत राहतात. रक्त नीट तपासलं तर तो सापडतो, आणि दीड महिना नेटाने गोळ्या घेतल्या तर बराही होतो.

म्हशी आणि त्यांना सांभाळणाऱ्या बायका, दोघींचं रक्त घ्यायचं, जिवाणू सापडला तर तो वाढवायचा, आणि त्याचा जनुकक्रम परदेशात वाचून घ्यायचा, अशी योजना होती. जनावरातला आणि माणसातला जिवाणू एकच का, ते त्यातून कळणार होतं. कल्पना चांगली होती. मला ती आजही चांगलीच वाटते.

वस्ती मी सुचवली. माझे वडील बाजव्याजवळच्या एका कारखान्यात होते, आम्ही पुष्कळ वर्षं तिथल्या क्वार्टरमध्ये काढली आणि ते निवृत्त झाल्यावर बडोद्यातच अकोट्याला राहायला आलो. क्वार्टरमागे रिफायनरीच्या बाजूला गुरं पाळणाऱ्या भरवाडांची वस्ती होती. तिथली एक बाई आमच्याकडे दूध घालायची आणि तिची मुलगी तिच्या मागे मागे यायची. ती माझ्याच वयाची. आम्ही दोघी मापातला फेस बोटाने चाटत पायरीवर बसायचो. पुढे तिचं त्याच वस्तीत लग्न झालं, मी कॉलेजात गेले, आणि मधली कितीतरी वर्षं आमची गाठ नव्हती.

आम्ही नमुने घ्यायला गेलो तेव्हा रक्त द्यायला तिथली एकही बाई तयार नव्हती. ती पुढे झाली आणि बाकीच्यांना म्हणाली की ही क्वार्टरवाली बेन आपली आहे, ही फसवणार नाही. मीही छातीठोकपणे सांगितलं की जिच्या रक्तात काही निघेल तिला मी स्वतः येऊन सांगेन. संमतिपत्रात तसं काही नव्हतं. ते मी तेव्हा नीट वाचलंही नव्हतं. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं की तिला मधूनमधून ताप येतो आणि मागच्या वर्षी पाचव्या महिन्यात मूल गेलं. तिचं काय निघतं ते तेवढं लक्षात ठेवून सांगायचं, असं तिने दोनदा बजावलं.

आता फॉर्मविषयी. म्हशीला आणि बाईला आमच्या संस्थेने एकच फॉर्म छापला होता. त्यावर नावाचा रकाना होता आणि त्याखाली ‘मालक किंवा पती’ असा एक रकाना होता. माणूस की जनावर हे लिहायला जागाच नव्हती, कारण ते कुणाला सुचलंच नव्हतं. मी तो फॉर्म पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आलं होतं, आणि मी सरांना काही बोलले नव्हते.

त्या वस्तीत बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. बाकीच्यांच्या वेळी सासवा शेजारी उभ्या होत्या, त्यांनी नावं सांगितली. हिची पाळी शेवटी आली तेव्हा सासू चारा आणायला गेली होती. मी विचारलं, तर तिने पदर तोंडाशी नेला आणि म्हणाली, “एनुं नाम ना लेवाय, बेन.”

माझी आई माझ्या वडिलांना आयुष्यभर ‘अहो’ म्हणत आली. त्यामुळे मला त्यात अडण्यासारखं काही दिसलं नाही, उलट लाडच वाटला. मी तिला आमच्याकडचा उखाणा कसा असतो ते सांगत बसले, ती हसून लोटपोट झाली, आणि रकाना रिकामाच राहिला. तेवढ्यात तिच्या म्हशीने जनावरांच्या डॉक्टरांना लाथ घातली. एक शिंग वाकडं असलेली दांडगी म्हैस होती ती, सगळी वस्ती तिला वाकडी म्हणायची. तिने काही केल्या रक्त काढू दिलं नाही. जीप निघायच्या घाईत मी त्या रिकाम्या रकान्यात आणि नळीवर ‘वाकडी’ असं लिहून टाकलं. वाकडीवाली कोण ते मला पाठ होतं. एका हाकेवर शेजारीण आली असती आणि नवऱ्याचं नाव सांगून गेली असती. ती हाक मी मारली नाही.

संस्थेत नोंदी करणाऱ्याने तो फॉर्म पाहिला. त्या वस्तीत म्हशींना बायकांचीच नावं असतात, त्यामुळे वरच्या नावावरून त्याला काही कळायचं कारण नव्हतं, आणि खाली ‘वाकडी’, ती त्याला म्हशीच्या शिंगाची खूण वाटली. त्याने ती नळी म्हशींच्या यादीत चढवली. बायकांच्या यादीत तिच्या नावापुढे ‘नमुना मिळाला नाही’ असा शेरा पडला.

त्या एका नळीत जिवाणू वाढला. सर इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना मांडवीवरून मागवलेली मिठाई वाटली. जिवाणू परदेशी गेला. इकडे रोगी म्हशींची यादी दूध मंडळीकडे, म्हणजे सहकारी डेअरीकडे गेली, आणि मंडळीने वाकडीवालीचं दूध घ्यायचं बंद केलं. ज्या म्हशीने रक्ताचा थेंब दिला नव्हता ती रोगी ठरली. त्या बाईच्या नवऱ्याने ती म्हैस व्यापाऱ्याला देऊन टाकली. रोगी म्हणून विकलेली म्हैस पुढे कुठे जाते ते मला लिहवत नाही. मला यातलं काही माहीत नव्हतं, कारण नमुने घेतल्यानंतरच्या आठ महिन्यांत मी वस्तीवर एकदाही गेले नाही. बाईच्या नावापुढचा शेरा मी वाचला होता. नळी फुटली असेल असं म्हणून मी तो सोडून दिला.

मला कळलं ते शोधनिबंध लिहिताना. सरांनी त्या म्हशीचं वय आणि वेत यांची माहिती मागितली, म्हणून मी माझी वही उघडली. तिथे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: वाकडीने लाथ मारली, रक्त मिळालं नाही. त्याच्याखालच्या ओळीत वाकडीच्या मालकिणीचा नळीक्रमांक होता, आणि निबंधाच्या पहिल्या पानावर तोच म्हशीचा म्हणून होता. मी ती दोन पानं शेजारी ठेवून एकेक आकडा बोटाने जुळवला.

मी वही घेऊन सरांच्या खोलीत गेले. सर परके नव्हते, आमच्यासारखेच बडोद्यातले मराठी. जुन्या संस्थानी राजवटीत हुद्द्यावर असलेल्या घरातले, घरी गेलं की चहाबरोबर चिवडा पुढे करणारे, मला ‘बाळ’ म्हणणारे. त्यांनी वही नीट वाचली आणि चष्मा काढला. मग मला समजावू लागले. निबंधाच्या शीर्षकातच म्हैस आहे, पैसे देणाऱ्यांना अहवाल गेला आहे, परदेशातल्या भागीदारांना आता कोणत्या तोंडाने सांगायचं. त्या बाईला सांगायचं म्हटलं, तर वैयक्तिक निकाल कळवले जाणार नाहीत असं संमतिपत्रात स्वच्छ छापलेलं आहे, आणि खाली तिचा अंगठा आहे. मी म्हटलं की ती आजारी आहे. त्यावर ते म्हणाले,

“जिवाणू तोच आहे ना? मग तो कोणाच्या रक्तातून आला, याने काय फरक पडतो?”

हे वाक्य एका शास्त्रज्ञाने म्हटलं. जनावरातला आणि माणसातला जिवाणू एकच का, हे शोधायला निघालेल्या माणसाने म्हटलं. जनुकक्रमातलं एकेक अक्षर पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं होतं, एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं सरांना खपलं नसतं. आणि ते रक्त बाईचं की म्हशीचं, हा त्यांच्या लेखी किरकोळ तपशील होता. मला तिथेच ओरडायचं होतं. मी ‘बरं सर’ म्हणून बाहेर आले. त्याचा राग मला आजतागायत येतो, सरांचा येतो त्याहून जास्त.

घरी आल्यावर आईने माझा चेहरा पाहून विचारलं आणि मी सगळं सांगितलं. ती पोळ्या करत होती. तिने गॅस बंद केला.

“अगं, मग तिला जाऊन सांग ना. सरांना काय विचारत बसलीस?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजव्याला गेले. ती दारात बसली होती, गुडघे धरून. निम्मी झाली होती. आणि पोट दिसत होतं, चौथा महिना असावा. मला पाचव्या महिन्यात गेलेलं ते मूल आठवलं. मग खाली बसून मी सांगत गेले, नळीपासून यादीपर्यंत, काही न लपवता. वाटलं होतं ती शिव्या घालेल, निदान रडेल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

“तो मारी भेंस साजी हती?”

होय, तुझी म्हैस ठणठणीत असणार, तिचं रक्तच तपासलेलं नाही, असं मी म्हटलं. ती गोठ्यातल्या रिकाम्या खुंट्याकडे पाहू लागली. मला तिचाही राग आला. अगं बाई, तुझ्या अंगात आग आहे, पोटात जीव आहे, आणि तू म्हशीचं काय घेऊन बसलीस? पण ते म्हणायला मला तोंड नव्हतं. मी तिला हात धरून उठवलं आणि रिक्षात बसवलं. नव्याने रक्त तपासायचं आणि आजच औषध सुरू करता आलं तर करायचं, एवढंच मी ठरवलं होतं.

सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीसमोर रांग होती. आमची पाळी आली. आतल्या माणसाने वर न बघता तिचं नाव विचारलं, मग वय, मग नवऱ्याचं नाव. मी पुढे झाले. नाव मी या वेळी वस्तीतूनच विचारून घेतलं होतं, कागदावर लिहून आणलं होतं. मी तो कागद उघडत होते तेवढ्यात तिने मला कोपराने मागे सारलं.

तिने डोक्यावरचा पदर नीट केला, खिडकीच्या गजाला तोंड लावलं, आणि नवऱ्याचं नाव घेतलं. आधी त्याचं, मग सासऱ्याचं, मग आडनाव. रांगेतल्या दोन बायका तिच्याकडे बघू लागल्या. तिने ते पुन्हा एकदा घेतलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून. तिच्या मानेवर घाम आला होता. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

मग खिडकीतून आत हात घालून तिने कागदावर बोट ठेवलं आणि त्या माणसाला म्हणाली, “शुं लख्युं? वांची बतावो.”

त्याने वाचून दाखवलं. ते पूर्ण होईपर्यंत तिने बोट उचललं नाही.