डाव्या गालातला बार

चूक माझी होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला विश्रामबागेतल्या माझ्या दातांच्या दवाखान्यासमोर एक जण वडापच्या जीपमध्ये प्रवासी भरण्यासाठी "कराड, कराड!" ओरडायचा. डाव्या गालात तंबाखूचा बार असल्यामुळं आवाज उजव्या कोपऱ्यातून यायचा. एकदा त्यानं डाव्या गालातला पांढरा चट्टा दाखवला. त्याचा तुकडा तपासायला पाठवायला हवा होता. बाहेर गर्दी होती. मी म्हणालो, "बार उजवीकडं धरत जा."

त्यानं ते औषधासारखं पाळलं. जाता-येता गाल फुगवून दाखवायचा, "बघा डॉक्टर, उजवीकडंच हाय!" मी हसून हात करायचो.

दोन वर्षांनी कॅन्सरमुळं मिरजेत त्याचा अर्धा डावा जबडा काढला. ओरडणं संपलं. तरी कुणा प्रवाशाचा दात दुखला, की तो त्याला धरून माझ्याकडं आणायचा.

असंच एका म्हातारीला खुर्चीत बसवून तो बोबड्या आवाजात म्हणाला, "आवं, भिऊ नगा. ह्यांनी बाजू बदलाय लावली, म्हणून मी वाचलो."

मी हातमोजे काढले. तिच्यासमोरच त्याला म्हणालो, "मी वाचवलं नाही. तेव्हाच तपासायला हवं होतं, मी तपासलं नाही. तंबाखू सोडा, एवढंही सांगितलं नाही. मला माफ करा."