दोन प्रोग्रॅम, एक टेबल

स्क्रीनवर दोन रेषा एकमेकींवर इतक्या नेमक्या बसल्या होत्या की खालची लाल रेषा दिसतच नव्हती. भोईर साहेबांनी ड्रॉइंगवर सही करायला पेन काढलं.

"जरा थांबा," मी म्हटलं.

"आता काय राह्यलं, मॅडम? दोघांचं उत्तर एकच आलं. बाहेर वेल्डर बसलाय."

भोईर साहेब आमचे मालक. अंबरनाथ पूर्वेला त्यांचा छोटा कारखाना आहे. आम्ही कोटिंगची मशीन बनवतो. स्टीलच्या बंद टाकीतली हवा पंपाने काढायची, किंचित आर्गॉन वायू सोडायचा आणि आतल्या दोन प्लेटना वीज द्यायची. वायू ट्यूबलाइटसारखा उजळतो. त्याला प्लाझ्मा म्हणतात. त्याच्या जोरावर प्लास्टिकच्या वस्तूवर धातूचा पातळ थर बसवता येतो.

उल्हासनगर कॅम्प दोनचे मोहनशेठ पर्सची बक्कलं बनवतात. त्यांच्याकडे आमचं जुनं मशीन होतं. आता त्यांना मोठं हवं होतं, आणि आतला दाब जुन्यापेक्षा बराच कमी. प्रश्न एकच होता: दोन प्लेटमधलं अंतर किती ठेवायचं? प्लेटचे आधार टाकीत वेल्ड होतात. अंतर चुकलं तर थर मध्ये जाड, कडेला पातळ, आणि अख्खी टाकी भंगारात. आमच्याएवढ्या कारखान्याला ते झेपलं नसतं.

म्हणून आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन. प्रोग्रॅम इलेक्ट्रॉनचे नकली कण सोडतो. एकेक नकली कण कोट्यवधी खऱ्यांच्या वतीने धावतो. अशा प्रोग्रॅमवर विश्वास ठेवायचा की नाही, ते तपासणं हे माझं काम. आमची पद्धत अशी की दोन माणसांनी एकमेकांचं न बघता दोन प्रोग्रॅम लिहायचे आणि उत्तरं ताडून पाहायची. एक लिहिला आमच्या सचिन गायकरने. दुसरा बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहणाऱ्या जोशी सरांनी. ते निवृत्त प्राध्यापक आहेत.

"मॅडम, दुसऱ्याचं पास झालेलं तुम्हाला बघवत नाही का?" सचिन म्हणाला. "जुन्या मशीनशीसुद्धा जुळवून दाखवलंय मी."

"दाखवलंयस. मला एवढंच सांग, तू सरांना काय काय दिलंस?"

"काही नाही. टाकीची मापं, दाब, व्होल्टेज. आणि टेबल."

"टेबल का दिलंस?"

"अहो, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. शेकडो आकडे त्यांना टाइप करायला लावू?"

मी जोशी सरांना फोन लावला. "फक्त टेबल घेतलं हो," ते म्हणाले. "बाकी सगळं माझं आहे. स्वयंपाक माझाच, मीठ तेवढं शेजारून आणलं!"

हे टेबल म्हणजे टकरींचा तक्ता. अमुक वेगाचा इलेक्ट्रॉन आर्गॉनच्या अणूवर आदळण्याची शक्यता किती, हे त्यात असतं. टकरीतून नवे इलेक्ट्रॉन सुटतात, त्यावर प्लाझ्मा टिकतो. मीठ म्हणावं इतकी ती छोटी गोष्ट नाही.

मी साहेबांकडे एक दिवस मागितला. ते म्हणाले, "वेल्डरला काय सांगू?"

"दुसरं काम द्या."

मग मी प्लाझ्मा बाजूला ठेवला आणि अगदी साधी परीक्षा घेतली. वायूतून एकाच वेगाचे कण सोडायचे आणि किती आदळतात ते मोजायचं. याचं उत्तर कागदावर काढता येतं. हळू कण सोडले, दोन्ही प्रोग्रॅम बरोबर. मध्यम वेगाचे सोडले, तरी बरोबर. वेगवान सोडले तेव्हा दोन्हींत टकरी शून्य.

कमी नाही, शून्य. जणू टाकीत वायूच नव्हता.

सचिन खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. त्याने टेबल उघडून शेवटची ओळ पाहिली. फार वेगवान इलेक्ट्रॉनचे आकडे त्यात नव्हतेच. जुन्या मशीनसाठी लागले तेवढेच कोणीतरी ठेवले होते. आकडा सापडला नाही की प्रोग्रॅम गुपचूप शून्य धरत होता. जोशी सरांनीही तसंच लिहिलं होतं, कारण टेबल पुरेसं असणार असं त्यांनी गृहीत धरलं.

"पण जुन्या मशीनशी कसं जुळलं?" साहेबांनी विचारलं.

"कॅम्प दोनच्या बाजारात संध्याकाळी पळून बघा," मी म्हटलं. "चार पावलांत कोणावर तरी आदळाल. जुन्या मशीनमध्ये वायूची तशीच गर्दी होती. इलेक्ट्रॉनला वेग धरताच येत नव्हता. नव्यात दाब कमी, म्हणजे रिकामं मैदान. तिथे ते सुसाट सुटतात आणि आपल्या टेबलाच्या बाहेर जातात."

"म्हणजे दोघं मिळून चुकले."

"हो साहेब, एकमताने."

सचिनने पूर्ण टेबल शोधून बसवलं. सरांना या वेळी काही पाठवलं नाही. त्यांनी आपले आकडे दुसरीकडून मिळवले, नातीकडून टाइप करून घेतले. रेषा पुन्हा जवळ आल्या, पण आता लाल रेषा थोडी वेगळी दिसत होती. प्लेटमधलं अंतर आधीच्या उत्तरापेक्षा बरंच कमी निघालं. ड्रॉइंग बदललं, मगच वेल्डरने काम धरलं.

मशीन तयार झाल्यावर आत बारीक तारेचा प्रोब घालून प्लाझ्मा मोजला. आकडा तंतोतंत जुळला नाही, पण मोजमापात जेवढी चूक आम्ही धरतो तेवढ्यात बसला. मोहनशेठना प्रोबशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी बक्कलाच्या कडेला सेलोटेप चिकटवून खस्सकन ओढली. चमक जागेवर होती. मग मधल्या भागावर तेच केलं.

"चलेगा," ते म्हणाले. "कॉम्प्युटरने एकदम बरोबर सांगितलं ना, मॅडम?"

"दुसऱ्यांदा," मी म्हटलं.

दोन उत्तरं जुळली, याचा अर्थ दोघांनी गणित नीट केलं एवढाच. गणितात घातलेलं सामान पुरेसं होतं का, ते वेगळं तपासावं लागतं. प्रोग्रॅममध्ये आम्ही एक ओळ वाढवली आहे. टेबलातले आकडे संपले की तो आता शून्य धरत नाही. थांबतो आणि पुढचं माहीत नाही असं सांगतो. मीटिंगमध्ये माणसांना मात्र हे अजून जमत नाही.