राक्षसाला आवतन

पुण्याची नोकरी मी मलकापुरातल्या घरून करायला लागले आणि तिथल्या मैत्रिणींबरोबरचा माझा सुट्टीतला खेळ बुडाला. खेळ साधा आहे. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात आणि घोडं अडेल तिथे फासे टाकून निकाल लावतात. त्यासाठी मी एक नवा राक्षस रचत होते, रक्त पिणारा आणि हवं ते रूप घेणारा. तो खेळात चालतो की नाही हे बघायला माणसं हवी होती. मला मिळाली ती दोनच, आई आणि बाबा.

आई योद्धा झाली. हातात तलवार घेऊन ती राक्षसाच्या गुहेत शिरायची, पण चपला बाहेर काढून. बाबा तहसीलमधून कारकून म्हणून निवृत्त झालेले, ते मांत्रिक झाले. माझा राक्षस साधू बनून आला, तर बाबांनी त्याला रहिवासी दाखला मागितला. लेकुरवाळी बाई बनून आला, तर तिला तलाठ्याची सही आणायला पाठवलं. राक्षसावर उपाशी मरायची पाळी आली.

राक्षसाला एक बंधन होतं. घरातल्या कोणी 'ये' म्हटल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. हे ऐकून आई म्हणाली, "म्हन्जे आवतनाशिवाय येत नाही. मंग हा राक्षस कायचा, हा तं तुहा काका हाय."

बाबांनी फासे खाली ठेवले. त्या दिवशीचा खेळ तिथेच संपला.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, धामणगाव बढ्याला शेती करतात. ताईच्या लग्नात बाबांनी गावभर फिरून घरोघर अक्षत दिली आणि सख्ख्या भावाला पत्रिका पाठवली मोबाईलवर. घरच्याच माणसाला कसलं आवतन, असं त्यांचं म्हणणं. काका लग्नाला आले नाहीत. बाबांनी ते मनाला लावून घेतलं, काकांनी आधीच घेतलं होतं, आणि दोघांचं बोलणं बंद झालं. काका कापूस घेऊन मलकापूरला आले की आमच्या घरावरून जायचे. तेव्हा ओट्यावर बसलेले बाबा पेपर इतका वर धरायचे की मागे फक्त त्यांचं पोट दिसायचं. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं, असे हे दोघे. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांसाठी वाईटही वाटायचं, कारण म्हातारपण काही मानपान बघून थांबत नाही.

पुढच्या रविवारी मी डाव टाकला. राक्षसाला एकदा तरी जिंकवायचं होतं, आणि बाबांना डिवचायचंही होतं. मी गोष्ट सांगू लागले. दारावर थाप पडते. मांत्रिक दार उघडतो. बाहेर त्याचा धाकटा भाऊ उभा आहे, सदऱ्याला कापूस चिकटलाय. तो विचारतो, "भाऊ, आत येऊ का?"

मी लहान असते तर आईने तिथेच पाठीत धपाटा घातला असता. आता बाबा दाखला मागणार म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, "ये."

नियम तो नियम. राक्षस आत आला, मी फासे टाकले, मांत्रिक मेला. आई चिडली. शेंबड्या पोरालाही कळलं असतं की हा राक्षस आहे, असं ती बाबांना बोलली.

"मलेबी कळलं होतं," बाबा म्हणाले. "पन दारात उभा होता ना थो. त्याले नाही कसं म्हनू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा इस्त्रीचा सदरा घालून आईकडे कुंकू आणि अक्षता मागायला लागले. कोणाचं लग्न आहे, असं तिने विचारलं. थोरलीचं, ते म्हणाले. ताईचा मुलगा तेव्हा रांगायला लागला होता. आईने कुंकू-अक्षतांची वाटी काढून दिली.

मी कामावर सुट्टी टाकली आणि बाबांना गाडीवर मागे बसवून धामणगावला नेलं. वाटभर ते हळू चालव म्हणत होते, आणि मला तर सायकलवाले मागे टाकून जात होते. काका अंगणात म्हशीला कुटार टाकत होते. आम्हाला बघून ते 'या' म्हणाले नाहीत आणि 'जा'ही म्हणाले नाहीत. बाबा फाटकातच उभे राहिले आणि त्यांनी वाटी पुढे धरली.

"पोरीच्या लग्नाचं आवतन द्याले आलो," ते म्हणाले. "घरच्या सगळ्याइले घेऊन या लागते."

काका आता हसतील किंवा हाकलून देतील, अशी मला भीती वाटली. काकांनी हाताचं कुटार झटकलं.

"कवा हाय लग्न?"

"तू येशील तवा."

काका फाटकापर्यंत आले आणि त्यांनी कपाळ पुढे केलं.