आठ चाव्या आणि एक स्क्रिप्ट

बाबांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, असं मी खुशाल सगळ्यांना सांगायचे.

श्रीवर्धनला आमच्या भाऊबंदांच्या आठ वाड्या, विहीर एक. रोज सकाळी बाबा एकेका वाडीची पाण्याची चावी फिरवायचे. त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मी ऐटीत प्रत्येक चावीवर ती आपोआप फिरवणारा एक डबा बसवला. पाणी केव्हा सोडायचं, केव्हा बंद करायचं, ते त्याला एका फाइलीतून कळतं. आठ डबे, आठ फाइली. हाताने लिहिताना एकीत स्वल्पविराम राहिला आणि एका चुलत्याच्या नारळी दिवसभर कोरड्या. काय बोलला तो! नोकरीत याच कामाचा पगार घेते मी. नाकच कापलं गेलं.

मग स्क्रिप्ट लिहिली. तक्त्यात वेळा भरायच्या, की आठही फाइली आपोआप तयार. बाबांना शेजारी बसवून म्हटलं, "वाटणी सांगा."

"प्रत्येकाला अर्धा तास."

इतकं सोपं? मी हवेतच.

आठवड्याभरात शेवटच्या वाडीतली काकू दारात. काका गेल्यावर तिने एकटीने लावलेली सुपारीची रोपं माना टाकत होती.

"काय गो, बापाच्या हाताने पाणी पुरत होतं. तुझ्या डब्याने माझी रोपं मारायला घेतलीन!"

स्क्रिप्ट तीनदा तपासली. चूक सापडेना. बाबा पेपरात तोंड खुपसून बसलेले. मला संशय आला.

"बाबा, तुमच्या वेळी कसं पुरायचं?"

"तिची जमीन रेताड. तिच्या आधी आपली पाळी. आपली चावी मी दहा मिनिटं आधी बंद करायचो आणि तिची उघडायचो."

"अहो, मग सांगायचं नाही?"

"तू वाटणी विचारलीस. वाटणी अर्ध्या तासाचीच आहे."

मी कपाळावर हात मारला.

"आणि तिला बोलू नकोस. कळलं तर घ्यायची नाही ती."

स्क्रिप्टमध्ये अपवाद घातलात तर शेजारी कारण लिहा, म्हणून ऑफिसात मी सगळ्यांचं डोकं खाते. इथे आम्हाला वीस मिनिटं, काकूला चाळीस, आणि कारणाची जागा मी मुद्दाम कोरी ठेवली.

रोपं सावरली. काकू शहाळी घेऊन आली. "तुझा डबा शहाणा हो! बापापेक्षा बरी वाटणी करतो."

"मग! शिकलेला आहे तो," बाबा म्हणाले आणि शहाळं सोलायला कोयता शोधू लागले.